माझं वाक्य कुणी खाल्लं?

तुम्ही माझं वाक्य खाल्लंत. चोरलंत म्हणत नाही, चोर निदान मालाची किंमत ओळखतो. तुम्ही ते खाल्लंत, ढेकर दिलीत आणि वर मलाच अभिनंदनाचा संदेश पाठवलात.

तुमचं भाषण मी ऐकलंय. मंचावर उभं राहून, काळा शर्ट घालून, तुमचा ऑनलाइन लिलावाचा बाजार यशस्वी का झाला ते सांगत होतात. म्हणे तंत्रज्ञान, म्हणे वेग, म्हणे ग्राहकाचा आनंद. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हाताला ग्रीस होतं.

आमचे हे जुनी शिलाई मशीन दुरुस्त करतात आणि मी ती तुमच्या बाजारात बोलीवर चढवते. आमचा कारखाना म्हणजे बाहेरची खोली. खिडकीखाली टेबल, बशांमध्ये स्क्रू, दाराशी पुठ्ठ्याची खोकी. पाहुणा आला तर त्याला आधी एखादं मशीन उचलून बाजूला ठेवावं लागतं, मग बसायला मिळतं. नणंद त्याच खोलीत पॅकिंग करते. तिला आम्ही ‘घाई’ म्हणतो. तिचं खोकं चिकटपट्टीने बंद होतं तेव्हा मशीन आत असेलच अशी खात्री देता येत नाही.

धंद्याची रीत सासऱ्यांची. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की ते मशीनचे गुण गात नसत. आधी ते नेमकं जिथे अडतं तिथे अडवून दाखवायचे. “हे बघा, इथे हे असं रुसतं. चालत असेल तर पुढचं बोलू.” गिऱ्हाईक हसायचं आणि न्यायचं. मी तीच रीत तुमच्या बाजारात आणली. वर्णनात पहिलं वाक्य मालातल्या खोटीचं, गुण नंतर. सुरुवातीला घाई कपाळावर हात मारायची.

“वहिनी, स्वतःच्या मालाची अशी बदनामी? शत्रूला तरी काही काम ठेव!”

पण बोली चढायची. का चढायची ते तुमच्या भाषणात नव्हतं, म्हणून फुकटात सांगते. न बघितलेल्या वस्तूवर माणूस भीत भीत बोली लावतो. एक बोली लावतो आणि पळतो. ज्याची भीती गेली तो थांबतो. असे न भिणारे दोघे समोरासमोर आले की लिलाव होतो. बाकी सगळा नुसता कल्ला. त्या दोघांची भीती आमच्यासारखी माणसं स्वतःच्या तोंडाने स्वतःची खोट सांगून घालवतात. तुम्ही मधे उभे राहून वाटा घेता. घ्या बापडे. त्याबद्दल तक्रार नाही.

मग तुम्हाला सुधारणेचं भूत चढलं.

मी एक मशीन चढवलं होतं. लिहिलं होतं, “जाड कापडावर टाके सोडतं. बॅगा, ताडपत्री, चामडं शिवायचं असेल तर बोली लावू नका. पातळ कापडावर मात्र लोण्यासारखं चालतं.” रात्रीतून विक्रेत्यांची वर्णनं आपोआप सुधारणाऱ्या तुमच्या नव्या यंत्राने त्याचं केलं, “दमदार, बहुगुणी मशीन. लोण्यासारखी शिलाई!” मला ना फोन, ना विचारणा. लोणी तेवढं ठेवलंत.

बोली अशी उडाली की हे चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. “अगं, या म्हातारीला एवढे नवरे कुठून आले?”

“नशीब म्हणा की दादा!” घाई नाचत होती. “प्रत्येक वेळी संशय कशाला?”

तिथेच मी पान उघडून बघायला हवं होतं. पण आपण लिहिलेलं आपल्या नावाखाली बदलेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मशीन गेलं, तुमचा अभिनंदनाचा संदेश आला.

मशीन पोचलं आणि फोन आला. घेणारी बाई बॅगा शिवते. आवाज चढवला असता तर सोपं गेलं असतं. ती हळू बोलत होती.

“ताई, तुमच्याबद्दल सगळे लिहितात, ही बाई खोट लपवत नाही. म्हणून मी माझं जुनं मशीन देऊन टाकलं. शाळेच्या बॅगांचं काम घेतलंय. हे तर दुसऱ्या थरालाच टाके सोडतंय. मला एवढंच सांगा, तुम्ही लिहिलं का नाही?”

मी म्हटलं, “लिहिलं होतं.”

ती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’चा अर्थ कोणत्याही बाईला कळतो.

पान उघडलं तेव्हा तुमचं लोणी दिसलं. मग तुमच्या मदत केंद्राला फोन लावला. वाजंत्री ऐकून कान किटल्यावर एक गोड मुलगा आला.

“मॅडम, नकारात्मक शब्दांमुळे बोली कमी येते, असं सिस्टिमला आढळलंय.”

“सिस्टिम बॅगा शिवते का?”

“नाही मॅडम.”

“मग तिला काय कळतंय?”

“मॅडम, तुमची विक्री तर वाढली ना?”

“वाढली. उद्या तू आजारी पडलास आणि डॉक्टरने सांगितलं, सगळं छान आहे, तर फी आनंदाने देशील का?”

त्याने समोरच्या यादीतला पुढचा प्रश्न शोधला असावा. मग म्हणाला, “मॅडम, आमच्या सेवेला किती तारे द्याल?”

मी फोन ठेवला. नाहीतर दिवसाढवळ्या तारे दाखवले असते.

ह्यांच्याकडे जाड कापडाच्या कामाचं एक मशीन आहे. वर्षानुवर्षं जमवलेल्या भागांतून स्वतःसाठी उभं केलेलं. त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत, मलाही. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

“ते?” ह्यांचा चेहरा पडला. “अगं, चूक त्यांची, आणि मशीन माझं जायचं?”

“अहो, पानावर नाव कुणाचं आहे?”

ह्यांनी ते मशीन उतरवलं. तेल घालून, पुसून, स्वतः खोक्यात ठेवलं. घाईला त्या दिवशी चिकटपट्टीला हात लावू दिला नाही.

ते पोचलं, पहिलं परत आलं आणि बाईचं काम निभलं. तिने तुमच्या पानावर अभिप्राय लिहिला, “विक्रेतीने पदरमोड करून मशीन बदलून दिलं. खोट तिने लिहिली होती, ती बाजाराने काढली.” दुपारी लिहिला, संध्याकाळी तुम्ही पुसला. कारण काय, तर अभिप्राय ‘वस्तूविषयी नाही’. माल परत आल्याची नोंद मात्र जिथल्या तिथे. माझ्या नावासमोरची ‘विश्वासू विक्रेता’ ही फीत काढून घेतलीत. खरं बोलले म्हणून मिळाली होती, तुम्ही खोटं बोललात म्हणून गेली. न्याय असावा तर असा!

घाई म्हणते, “वहिनी, सोड ना. सगळे तसंच विकतात. थोडं गोड लिहिलं तर कुणाचं काय जातं?” तिचा राग येत नाही. तुमच्या बाजारात तिच्यासारखी माणसं शोभून दिसतील. फक्त एक दिवस असा येईल, की विकणारे सगळे गोड असतील आणि घेणारा एकही नसेल. तेव्हा मंचावर चढून ग्राहकाच्या आनंदावर बोला. ऐकायला मी येईन, हात धुऊन.

आता टेबलावर दुसरं मशीन तयार आहे. त्यात खालच्या दोऱ्याची बॉबिन आपोआप भरत नाही, हाताने भरावी लागते. हे मी पहिल्या ओळीत लिहिलंय. खाली तुमची चौकट आहे, “वर्णनातील सुधारणा मला मान्य आहेत.” तिच्यावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी खूण केलेली नाही. करणारही नाही. हे दारात येरझाऱ्या घालताहेत आणि घर याच मशीनवर चालतं.

तेव्हा यंत्राला मधे न घालता, स्वतःच्या तोंडाने सांगा. बॉबिन हाताने भरावी लागते, हे वाक्य तुमच्या बाजारात राहील की नाही? आणि राहणार नसेल, तर ज्या बाईच्या हातात उद्या ते मशीन पडेल, तिचा फोन तुमच्यापैकी कोण घेणार, त्याचं नाव काय?