अर्नेस्टीनची बेस

टोनेट शनिवारी दुपारी बेस गिटार घेऊन आली तेव्हा क्लोविस बुधवारी केलेले बीन्स गरम करत होता. एकट्या माणसाला एक पातेलं चार दिवस पुरतं, हे त्याला गेल्या चौदा आठवड्यांत कळलं होतं.

तिने टेबलावर एक खोका ठेवला. आत तारांचा आवाज पकडणारी चुंबकाची पट्टी होती. "काका, नवा पिकअप आहे. आणि हे आवाज वाढवायचं, बॅटरीवरचं सर्किट. उद्याच्या प्रार्थनेआधी बसवून द्या."

टोनेट त्याच्या बायकोच्या, अर्नेस्टीनच्या, बहिणीची मुलगी. ही बेस अर्नेस्टीनने चर्चमध्ये एकतीस वर्षं वाजवली होती. तिला पुरून आल्यावर पास्टरांनी ती टोनेटच्या हातात दिली.

"हिला कुणी हात लावायचा नाही," क्लोविस म्हणाला.

"अख्ख्या टोलेडो शहराच्या गिटारी दुरुस्तीला उघडता, आणि घरचीच नाही?"

"बासष्ट सालची आहे. आतले सोल्डरचे डाग कारखान्यात दिलेले, अजून कुणी छेडलेले नाहीत. असं वाद्य नुसतं बघायला लोक दोन राज्यं ओलांडून येतात."

"बघायला येतात, काका. ऐकायला कोण येतं? तो नवा ड्रमर बडवायला लागला की मी काय वाजवते ते मलाच कळत नाही. परवा मी अख्खं कडवं चुकीच्या पट्टीत वाजवलं. एकानेही मान वळवली नाही!"

"बॅटऱ्या ऐन गाण्यात मान टाकतात."

"टाकू देत. खिशात दुसरी ठेवीन."

क्लोविस खाली बसला. अर्नेस्टीन इथेच, स्वयंपाकघरात सराव करायची. तो जाड, गोल आवाज भिंतीतून त्याच्या कामाच्या खोलीत यायचा. तिचा कोट दाराला होता, चपला पलंगाखाली होत्या, पण त्यात ती नव्हती. या आवाजात होती. तो बदलला की संपलं. हे टोनेटला सांगायला हवं होतं, पण एवढं बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं. त्यापेक्षा उघडून ते डाग दाखवावेत, पोरगी आपोआप समजेल, असं त्याला वाटलं.

त्याने तारा सैल केल्या. बेसवरच्या प्लेटच्या स्क्रूंवर पेचकस ठेवला तर तो घसरला. खाचा झिजलेल्या होत्या. लोणी लावायच्या सुरीने कुणीतरी फिरवल्यासारख्या.

प्लेट निघाली. डाग जसेच्या तसे होते. पण पिकअपखाली काहीतरी कोंबलेलं होतं. त्याने चिमट्याने ओढून काढलं. पुठ्ठ्याचे तुकडे. अंत्यविधीवाले चर्चमध्ये फुकट वाटतात त्या हातपंख्यांचे, कात्रीने नीट कापलेले. सगळ्यात खालचा पिवळा पडलेला, मधला जरा बरा, वरचा गेल्याच उन्हाळ्यातला.

पिकअप तारांच्या जवळ नेला की आवाज मोठा येतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तीनदा कुणीतरी तो वर उचलला होता.

"तुला माहीत होतं?"

टोनेटने मान खाली घातली. "टॉर्च मी धरायचे. मावशी म्हणायची, तुझ्या काकाला बोलू नकोस, त्याचा त्या डागांवर फार जीव आहे."

"मला सांगायचं ना तिने."

"सांगितलं होतं की. दोनदा. माझ्यासमोर. तुम्ही म्हणालात, आवाज सोन्यासारखा आहे, आधी स्वतःचे कान तपासून घे."

क्लोविसला आठवलं. ईस्टरचं जेवण होतं, टेबलावर आठ माणसं होती. सगळे हसले होते. अर्नेस्टीनही हसली होती, आणि उठून मक्याचा पाव आणायला गेली होती.

बराच वेळ तो पुठ्ठे हातात धरून बसला. बीन्स करपल्याचा वास आला. टोनेटने उठून शेगडी बंद केली.

"राहू दे, काका. खरंच नको. मी ड्रमरला दटावते."

"बस खाली." त्याने सोल्डर गन लावली. ती तापली. मग त्याने टोक पहिल्या डागावर टेकवलं. साठ वर्षांचा डाग क्षणात पाणी झाला. तार सुटली. दुसरीही सुटली. काम काही अवघड नव्हतं. तासाभरात नवा पिकअप बसला, मागच्या पोकळीत सर्किट आणि बॅटरी गेली.

टोनेटने ती सुरात लावून स्पीकरला जोडली आणि वाजवली. एकेक सूर वेगळा, खणखणीत. कपाटातल्या बशा थरथरल्या. यात अर्नेस्टीन कुठेच नव्हती. क्लोविस ऐकत राहिला. तिला हवा होता तो आवाज हा असेल, किंवा नसेल. आता ते कळायला मार्ग नव्हता.

"छान आहे," टोनेट चाचरत म्हणाली.

"खरं सांग."

"जाड तार जरा मागे पडते."

पूर्वीचा क्लोविस म्हणाला असता, मागे पडत नाही, तुझं बोट हलकं पडतं. त्याने पेचकस उचलला आणि नव्या पिकअपचा त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवला.

"आता?"

"अजून थोडं, काका."

त्याने अजून थोडं फिरवलं.