दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. जुनं म्हणा, काळं पडलेलं म्हणा, माझी हरकत नाही. पण मला फितूर म्हणू नका. ज्या घरासाठी मी बावीस वर्षं ऊन, पाऊस आणि धूळ खाल्ली, त्याच घराने मला तसं म्हटलं. ते अजून माझ्या पोटात खुपतं. म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म अलीगढच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने कानस घासून घासून माझ्या दोन किल्ल्या घडवल्या. दोघी जुळ्या बहिणी, दाताला दात सारखा. तिथून पोत्यात बसून, ट्रकमधून धक्के खात मी परभणी जिल्ह्यात आलो आणि ताडकळसच्या आठवडी बाजारात एका गोणपाटावर मांडला गेलो. चंद्रभान आण्णांनी मला उचललं, तीनदा हिसके दिले, दगडावर आपटून पाहिलं. "लय दणकट हाय," ते म्हणाले. माझी छाती फुगली! शेजारी त्यांच्या कारभारणी पार्वतीबाई उभ्या होत्या आणि त्यांचं बोट धरून चार वर्षांचा भागवत. त्याने मला दोन्ही हातांत धरून घरापर्यंत आणलं. वाटेत मला शेवेचा तेलकट हातही लागला, पण मी रागावलो नाही.

ताडकळसच्या वाटेवरचंच आमचं गाव. त्या घराच्या कडीकोयंड्यात मी जाऊन बसलो तो बसलोच. पार्वतीबाई माझी फार काळजी घेत. दर दसऱ्याला विळे, कुदळी, पाभर यांच्या ओळीत मलाही मान असे. करडईच्या तेलाचे दोन थेंब पोटात, कपाळावर कुंकू आणि वर झेंडूचं फूल. "आमच्या घराचा राखणदार," असं त्या पाहुण्यांना सांगत. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार आवडायचं.

आता आमच्या गल्लीची एक रीत ऐका. शेतात जाताना कुणी किल्ली सोबत नेत नसे, कारण वेचणीच्या गडबडीत ती कापसात पडली की सापडायची नाही. दाराशेजारी भिंतीतल्या कोनाड्यात, म्हणजे देवळीत, पणतीच्या मागे किल्ली ठेवायची आणि समोरच्या केवळाबाईला हाक मारायची, "केवळा, ध्यान ठेव गं!" की झालं.

ही केवळाबाई उमाजीची बायको. उमाजी मेंढरं घेऊन पाच-सहा महिने येलदरीच्या धरणाकडे जाई. घरी शाळेत जाणारी लेकरं, लहान कोकरं आणि आजारी मेंढ्या असायच्या, त्यांच्यापाशी ती थांबे. दिवसा गल्लीत तेवढं एकच माणूस. तिच्या स्वतःच्या दाराला कुलूप नव्हतंच. एक सुतळीचा फास, बस्स. पण गल्लीतल्या सात घरांच्या किल्ल्या कुठे आहेत, हे तिला तोंडपाठ होतं. आमच्या म्हशीला दुपारी पेंड घालायची म्हणून ती रोज मला उघडायची, पोत्यातून पेंड काढायची, मला पुन्हा लावायची, वर एकदा हिसका देऊन बघायची. कधी कुणी तिला त्याबद्दल चार आणे दिले नाहीत आणि तिने मागितलेही नाहीत.

रोजच्या वापराने त्या किल्लीचे दात झिजून गुळगुळीत झाले. आणि दुसरी किल्ली? ती हरवली होती, भागवत आठवीत असताना. "विहिरीत पडली," असं त्याने सांगितलं आणि आण्णांच्या दोन चपराका खाल्ल्या. मला मात्र खरं ठाऊक होतं. पडली कसली! पोराने ती लपवून ठेवली होती. मधल्या सुट्टीत शाळेतून पळून यायचा, त्या किल्लीने मला उघडायचा, डब्यातला गूळ तोंडात कोंबायचा आणि जाताना मला हळूच थोपटायचा. मी कधी कुरकुरलो नाही. कुलूप झालो म्हणून काय झालं, मलाही लेकराचा लळा होता. पुढे तो मोठा झाला, परभणीला कॉलेजात गेला, शिकून परत आला, पण ते गूळ खाणं संपलं ते संपलंच. ती धारदार दातांची किल्ली मला वर्षानुवर्षं भेटली नाही.

भेटली ती गेल्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत.

भर दुपार होती. सगळी गल्ली शेतात. केवळाबाई येऊन म्हशीला पेंड घालून गेली होती, मला हिसका देऊन बघितलं होतं, किल्ली पणतीमागे ठेवली होती. मग ती कोकरांना घेऊन ओढ्याकडे पाणी पाजायला गेली. तेवढ्यात माझ्या पोटात काहीतरी टोचलं. धार होती, झीज नव्हती. मी लगेच ओळखलं. अरे, हा तर आपला भागवत! मित्रांनो, मला इतका आनंद झाला! मला वाटलं, पोरगा पुन्हा गूळ खायला आला. मी एका दमात उघडलो.

गुळाचा डबा वाजला नाही. पार्वतीबाईंच्या लोखंडी पेटीचं झाकण वाजलं. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि मला लावून निघून गेला. जाताना त्याने मला थोपटलं नाही.

संध्याकाळी घरात रडारड झाली. पार्वतीबाईंची बोरमाळ आणि कानातली झुंबरं गेली होती, त्यांच्या आईने दिलेली. त्या ओसरीवर येऊन मला दोन्ही हातांनी हलवू लागल्या. "मेल्या, तू बी फितूर झालास!" असं त्या ओरडल्या. मी काय बोलणार? तोंड आहे, पण त्यात फक्त किल्ली जाते.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून जमादार आले. त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "कुलूप फोडलेलं न्हाई. किल्लीनंच उघडलंय. किल्ली कुठं राहते, कुणाकुणाला माहीत हाय?"

"साऱ्या गल्लीला," आण्णा म्हणाले.

"घरी कोण होतं दिवसभर?"

 सगळ्यांचे डोळे समोरच्या सुतळीच्या दाराकडे गेले. जमादारांनी केवळाबाईकडे विचारपूस केली, तिचं घर पाहिलं, काही सापडलं नाही, ते लिहून घेऊन गेले. त्यांचं काम तेवढंच होतं. पुढचं काम गावाने केलं.

चार दिवसांनी पारावर माणसं जमली. आण्णांनी मला हातात घेऊन नेलं होतं, सगळ्यांना दाखवायला. गावातले वयस्कर व्यंकटराव म्हणाले, "केवळे, तुह्यावर आमचा राग न्हाई. पर शंका आली हाय. बिरोबाचा भंडारा उचल आन मोकळी हो."

भंडाऱ्याची खोटी आण तिच्या मेंढपाळ समाजात कुणी घेत नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. केवळाबाई पुढे आली. नवरा दूर येलदरीला, सोबत कुणी नाही. तिने ओंजळीत हळदीचा भंडारा घेतला. 

"बिरोबाची आण हाय," ती म्हणाली. "अक्काच्या घरातली काडी बी म्या उचलली न्हाई. पंधरा वर्सं तुमची दारं राखली. त्याचं हेच का ओ फळ?"

ती पार्वतीबाईंकडे बघत होती. पार्वतीबाईंनी मान खाली घातली. आणि त्यांच्या मागे, खांबाला टेकून, खिशात हात घालून भागवत उभा होता. मी आण्णांच्या हातात होतो. अरे बोल की लेका, बोल! मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. तो मोबाइलकडे बघत राहिला.

शपथ झाली, पण शंका काही गेली नाही. "आण घेतली म्हणून काय झालं?" असं लोक दबक्या आवाजात म्हणू लागले. एकेका देवळीतली किल्ली उचलली गेली आणि बायकांच्या कमरेला गेली. सकाळी गल्ली तिच्या दारावरून मुकाट्याने शेताकडे जायची. "केवळा, ध्यान ठेव गं" ही हाक बंद झाली. आमच्या घराला नवं चकचकीत कुलूप आलं, मला कडब्याच्या खोलीच्या दाराला अडकवलं. विजेच्या खांबाजवळ एक कॅमेराही बसला. आण्णांनी त्याचं तोंड कुठे केलं माहीत आहे? आमच्या दाराकडे नाही. केवळाबाईच्या दाराकडे! ती अंगणात भांडी घासायला बसली की तो काळा डोळा तिच्यावर रोखलेला असे.

संक्रांतीआधी पार्वतीबाईंनी घर सारवायला, आवरायला काढलं. खुंटीवरची भागवतची जुनी पँट त्यांनी धुण्यासाठी झटकली आणि खिशातून काहीतरी खाली पडलं. त्या ते मुठीत धरून तशाच कडब्याच्या खोलीपाशी आल्या. त्यांनी मला हातात घेतलं. ती धारदार किल्ली माझ्यात शिरली. खट्. मी उघडलो. त्यांनी मला लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. मग त्या तिथेच कडब्यावर मटकन बसल्या.

मला वाटलं, सुटलो! अखेर मला बोलता आलं. आता केवळाबाईचं नाव धुऊन निघणार.

भागवत आला तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. किल्ली बघून त्याचा चेहरा उतरला.

"कुठं हाय माह्या आईची बोरमाळ?"

"सोनाराकडं मोडली, आय. चुकलं माझं. आण्णाला सांगू नको, ते मला घरात ठिवणार न्हाईत."

"आन ती केवळा?"

त्याने तोंड फिरवलं. पार्वतीबाईंनी त्याच्या तोंडात एक ठेवून दिली, मग पदर डोळ्यांना लावला, आणि मग, मित्रांनो, ती किल्ली त्यांनी आपल्या कनवटीला खोचली. वर साडीचा पीळ घट्ट केला. त्या क्षणी मला जे वाटलं ते चोरीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. पोरगं वाकड्या वाटेला गेलं, हे मी एकवेळ सोसलं असतं. पण दसऱ्याला मला कुंकू लावणारी माउली खरं कळूनही गप्प बसली!

मात्र त्यांचं मन खात होतं. संक्रांतीला गल्लीतल्या बायका एकमेकींना वाण द्यायला निघाल्या, पण केवळाबाईकडे कुणी फिरकलं नाही. दुपारी पार्वतीबाईंनी ताटलीत तिळगूळ घेतला, शेजारी मला ठेवलं, सोबत ती झिजलेली किल्ली, आणि रस्ता ओलांडला.

केवळाबाईने घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. तिच्या दाराला अजून सुतळीच होती.

"केवळा, हे घे," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुह्या दाराला कुलूप न्हाई. असू दे एक."

केवळाबाईने मला हातात घेतलं. तिचा हात मला रोजचा ओळखीचा. तिने किल्ली फिरवून पाहिली, सवयीने हिसका दिला. मग विचारलं, "अक्का, कुलपाला दोन किल्ल्या असत्यात. दुसरी कुठंय?"

"ती तर कवाच हरवली. ठाऊक हाय न्हवं तुला?"

हे बोलताना पार्वतीबाईंचा हात नकळत कनवटीकडे गेला. केवळाबाईने तो हात पाहिला. मुक्या कोकराचं तोंड बघून त्याचं दुखणं ओळखणारी बाई ती, तिला आणखी काय सांगायचं?  शेवटी पार्वतीबाईंनीच ती किल्ली काढली आणि ताटलीत ठेवली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"लेकरू हाय माझं, केवळा. पदर पसरते."

"मला बी लेकरं हायत, अक्का. त्यांना शाळेत चोरणीची लेकरं म्हणायलेत." केवळाबाईने मला आणि दोन्ही किल्ल्या उचलून पार्वतीबाईंच्या पदरात घातल्या. "हे मह्या दारात गुपचूप नगं. माझं नाव तुमी पारावर घेतलं. हे बी पारावर नेऊन ठिवा. मग मी तुमचा तिळगूळ खाते."

पार्वतीबाई उठल्या. खरंच पाराच्या दिशेने चालू लागल्या. पदरात मी दोन्ही किल्ल्यांवर आदळत होतो आणि आनंदाने वाजत होतो. पारावर व्यंकटराव बसले होते, आण्णा बसले होते, भागवतही होता. त्याने आईकडे पाहिलं, पदरातल्या गाठोड्याकडे पाहिलं. पार्वतीबाई थबकल्या. मी म्हटलं, आता! आता!

"कुठं निघालीस?" आण्णांनी विचारलं.

"कुठं न्हाई," त्या म्हणाल्या आणि घराकडे वळल्या.

तेव्हापासून मी त्या देवळीत पडून आहे, पणतीच्या मागे, दोन्ही किल्ल्यांसह. पार्वतीबाई रोज दिवेलागणीला तिथे पणती लावतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. समोर केवळाबाई कॅमेऱ्याकडे पाठ करून भांडी घासते. तिच्या कोनाड्यात तो तिळगूळ ताटलीत तसाच आहे म्हणतात.

मित्रांनो, कुलपांना वर्षातून एकदा तेल द्या. कॅमेरेही खुशाल लावा. पण घरात चोरी झाली, तर तुमचं दार राखणाऱ्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी दुसरी किल्ली कुणाकडे आहे, हे आधी घरात विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी ताडकळसच्या वाटेने आमच्या गावात आलंच, तर एवढं करा. मला देवळीतून उचला आणि पारावर नेऊन ठेवा. फार लांब नाही, शंभर पावलं असतील. मला पाय नाहीत हो, आणि ज्यांना आहेत ते जात नाहीत.