चालत पन्नास मिनिटं

प्रांताची माहितीपुस्तिका दर दोन वर्षांनी नव्यानं निघे आणि अठ्ठावीस वर्षं ती नकाशेवालाच करत आला होता. उत्तरेची मिठागरं, मधलं बंदर, डोंगरातल्या बंद खाणी, पार दक्षिणेचं दीपगृह, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. नकाशे तो काढायचा, पण प्रत्येक ठिकाणासमोरची चालायची वेळ बायकोची असायची. ती पुढं चालायची, तो मागून घड्याळ बघायचा. "तुमच्या ढांगा धरल्या तर लोक धापा टाकतील," असं तिचं म्हणणं.

ती जाऊन आठ महिने झाले होते.

पर्यटन कार्यालयातल्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पुस्तिका उघडून समोर सरकवली.

"काका, बसथांब्यापासून दीपगृह पन्नास मिनिटं लिहिलंय. त्याआधी पस्तीस होतं. त्याच्याही आधी पंचवीस. डोंगर वाढतोय का?"

त्यानं आकड्यावरून बोट फिरवलं.

"हसण्यावारी नेलं असतं हो, पण बस तिथं तासभरच थांबते. पन्नास वाचून कुणी उतरतच नाही. पायथ्याच्या चहावाल्या ताईंचं तिसरं पत्र आलंय. मासळी आटली, खाणी बंद पडल्या. पाहुण्यांशिवाय त्या गावाला दुसरं आहे काय?"

"एकदा चालून बघतो."

"चालायचं कशाला? पंचवीस करून टाका."

"न चालता आजवर एकही आकडा लिहिलेला नाही," तो म्हणाला आणि नव्या आवृत्तीतल्या त्या पानाचा छपाईआधीचा कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी तो बसनं निघाला. डावीकडं समुद्र, उजवीकडं खाणींचे लाल उतार. दीपगृहाच्या थांब्यावर तो एकटाच उतरला. चहावाली दुकानाच्या दारात उभी होती.

"चुकून उतरलात का?"

"नाही. वर जायचंय."

"मग ते पुस्तक वाचलं नसेल तुम्ही. ज्यानं लिहिलंय ना, त्याचे पाय एकदा डॉक्टरला दाखवायला हवेत."

"पाय त्याचे नव्हते," तो म्हणाला. "त्याच्या बायकोचे होते."

चहावालीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग आवाज उतरला. "निळी छत्री घेऊन यायच्या, त्या?"

त्यानं मान हलवली.

"पाण्याची बाटली भरून घ्यायच्या इथं. मागच्या खेपेला अगदीच दमल्या होत्या. मी म्हटलं, ताई, राहू द्या आज. तर म्हणाल्या, आमच्या ह्यांचा आकडा अडकलाय." तिनं वाटेकडं बोट केलं. "जा वर. चहा तुम्ही खाली उतरल्यावर."

त्यानं घड्याळ पाहिलं आणि चालू लागला. मोरीचा कठडा मागं पडला, सपाट खडक मागं पडला, वळणावरच्या झाडाखालचा दगडही. दीपगृहाच्या दाराला हात लावला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. आपण तिला मागं टाकून आलो, असं त्याला वाटलं.

उतरताना तो दगडावर बसला. मग खडकावर. मग कठड्यावर. शेवटच्या खेपेला ती या तिन्ही जागी बसली होती. कठड्यावर तर बराच वेळ. त्यानं घड्याळ थांबवायला हात नेला, तर ती म्हणाली होती, "थांबवू नका. बसणंही चालण्यातच धरा." त्यानं धरलं होतं. ते पन्नास तिथूनच आले होते.

तो खाली आला तोवर बस निघून गेली होती. चहावालीनं न विचारता कप पुढं केला.

त्यानं खिशातला कागद टेबलावर पसरला. पन्नासावर रेघ मारली. बावीस त्याचे होते. पंचवीस तिचे, धडधाकट असतानाचे, तिनं स्वतः चाललेले. त्यानं पंचवीस लिहिलं.

मग नकाशावर वाटेत तीन बारीक ठिपके काढले. अशी खूण पुस्तिकेत आजवर नव्हती. खालच्या कोपऱ्यात त्यानं ठिपक्याचा अर्थ लिहिला: बसायची जागा.

चहावाली वाकून बघत होती. "पण तिथं बाक कुठायत?"

"दगड आहेत," तो म्हणाला.