पायापाशी बर्ड, उशाशी लेब्रॉन

भूल कमरेखालची होती. त्यामुळे उजवा गुडघा बदलला जात असताना (डाव्याचा नंबर नंतर होता) माझा वरचा अर्धा भाग शुद्धीवर, चष्म्याविना आणि पूर्णपणे रिकामटेकडा होता. छातीवर आडवा हिरवा पडदा ताणला होता. पडद्यापलीकडे माझा पाय आणि सर्जन. अलीकडे माझं डोकं आणि उशाशी स्टुलावर बसलेल्या भूलतज्ज्ञ बाई. हवामानावर ठेवावं तसं त्यांना माझ्या नाडीवर लक्ष ठेवायचं होतं.

"घाबरू नका काका," आत नेताना सिस्टर म्हणाली होती. "आमच्याकडे गाणी लावत नाहीत. सर्जन आणि भूलवाल्या बाई भांडतात. भांडण चालू आहे तोवर सगळं ठीक चाललंय असं समजायचं."

"आणि थांबलं तर?"

"थांबत नाही सहसा," असं म्हणून तिने माझ्या डोक्यावर टोपी चढवली.

माझं काय पणाला लागलं होतं ते आधीच सांगून टाकतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. लिफ्टची जागा आहे, तिथे लोक सायकली ठेवतात. सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं की गुडघा शंभर अंशांच्या पुढे वाकला तर चौथा मजला, नाही तर तळमजला. तळमजला म्हणजे माझ्या मेहुण्याकडची मागची खोली. गेली बारा वर्षं तो तिला 'तुमचीच खोली' म्हणतो आणि तिच्यात स्वतःची व्यायामाची यंत्रं ठेवतो. मेहुणा प्रेमळ आहे, पहाटे पाच वाजल्यापासून प्रेमळ आहे. बायकोने तर त्या खोलीच्या पडद्यांची मापं घ्यायलाही सुरुवात केली होती. त्यामुळे माझ्या दृष्टीने ती शस्त्रक्रिया गुडघ्याची नव्हती, मेहुण्यापासून सुटकेची होती.

करवत सुरू झाली. दुखत नव्हतं, पण ऐकू येत होतं. शेजारच्या घरात कोणीतरी फर्निचर करवून घेतंय आणि ते लाकूड आपलं आहे, असं काहीसं.

"तीन वर्षं लागोपाठ सर्वोत्तम खेळाडू," सर्जन पडद्यापलीकडून म्हणाले. "लागोपाठ. अख्खी कारकीर्द एकाच संघात. तुमच्या माणसाने किती संघ बदलले?"

"तीन संघ आणि तिन्ही ठिकाणी अजिंक्यपद," बाई म्हणाल्या. "तुमच्या माणसाला एकच ठिकाण जमलं म्हणून तो निष्ठावंत होय? मी इथे एकोणीस वर्षं आहे, ती काही निष्ठेपोटी नाही."

मी मान वळवायचा प्रयत्न केला. "कोणाबद्दल चाललंय?"

बाईंना बरं वाटलं असावं. गिऱ्हाईक सहसा झोपलेलं असतं. "बास्केटबॉल. सर्वकाळातला सर्वोत्तम स्मॉल फॉरवर्ड कोण. सर म्हणतात लॅरी बर्ड. मी म्हणते लेब्रॉन जेम्स. तुम्ही काय म्हणता?"

"स्मॉल फॉरवर्ड म्हणजे?"

पलीकडची करवत क्षणभर थांबली. "म्हणजे ज्याला सगळं यावं लागतं तो," सर्जन म्हणाले. "उंच खेळाडूंइतका उंच नाही, पण त्यांच्याशी झुंजायचं. चपळांइतका चपळ नाही, पण त्यांच्यामागे पळायचं. लांबून चेंडू टाकायचा, जवळून टाकायचा, पास द्यायचा."

"घरातल्या मधल्या सुनेसारखं," बाई म्हणाल्या.

मला आयुष्यात प्रथमच या खेळाबद्दल कुतूहल वाटलं. पाय दुसऱ्याच्या ताब्यात असला की माणसाला जगातल्या इतर गोष्टी दिसू लागतात. मी विचारलं की सर्वकाळ म्हणजे नेमका कधीपासून. त्यावर दोघांनी एकदम उत्तर दिलं आणि उत्तरं वेगळी होती. मग बर्डची पाठ निघाली. आईच्या घरासमोर रस्त्याला स्वतःच्या हाताने खडी टाकताना त्याची पाठ गेली आणि पुढे सामन्यात बाकावर बसवेना म्हणून तो जमिनीवर पालथा पडून राहायचा, असं सर्जननी सांगितलं. हाडांच्या डॉक्टरच्या आवाजात इतका जिव्हाळा मी आधी ऐकला नव्हता. माझ्या तपासणीत तर नाहीच.

"माणूस पाठ मोडेपर्यंत खेळला," ते म्हणाले.

"माणसाने मजूर लावायला हवा होता," बाई म्हणाल्या. "लेब्रॉन वीस वर्षांच्या वर टिकला. शरीर सांभाळणं हाही खेळच आहे, सर. पेशंटना तुम्हीच सांगता हे."

हातोडी पडत होती. मी सुखात होतो. आणि मग सगळं थांबलं.

हातोडी, बर्ड, लेब्रॉन, सगळं. मी वाट पाहिली. यंत्र माझ्या नाडीचे ठोके मोजत होतं आणि ते वाढत चालल्याचं मला सगळ्यांबरोबरच कळत होतं.

"दहा सैल आहे," सर्जन हळू म्हणाले.

"बारा?" कोणीतरी विचारलं.

"बारा घट्ट. वाकत नाही."

वाकत नाही. मला मेहुण्याची सायकल दिसली, जागच्या जागी चालवायची, पहाटे पाचला.

"डॉक्टर," मी पडद्याला म्हणालो, "तो पालथा पडायचा, तर पुन्हा उठून खेळायचा कसा?"

बाई माझ्या कानाशी वाकल्या. "आता नको, काका. ते मधली चकती किती जाड हवी ते बघतायत. सैल बसली तर गुडघा डगमगेल, घट्ट बसली तर अडेल."

"सिस्टर म्हणाली, भांडण थांबलं की..."

"सिस्टरला बोलायला कोणी सांगितलं?" हे त्या इतक्या मवाळपणे म्हणाल्या की मला जास्तच भीती वाटली.

"अकरा आहे का बघा," सर्जन म्हणाले. "कपाटात, खालच्या फळीवर."

कोणाचे तरी बूट बाहेर गेले. बूट परत यायला किती वेळ लागला माहीत नाही. तेवढ्यात मी मेहुण्याला मनातल्या मनात दोनदा माफ केलं आणि एकदा नाही.

"हं," सर्जन म्हणाले. पडद्याच्या वरच्या कडेला माझाच गुडघा उगवला, मावळला, पुन्हा उगवला. "अकरा बसली. एकशे अठरा अंश. चला, सिमेंट कालवा."

सांधा चिकटवायचं ते सिमेंट वाळेपर्यंत पाय सरळ धरून उभं राहावं लागतं. सर्जन आता कुठे जाऊ शकत नव्हते, मी तर नव्हतोच. "हां, काय विचारत होतात?" ते म्हणाले. "आणि निकाल द्या बघू. तुम्ही तटस्थ आहात."

मला या विषयाचं एकूण ज्ञान पन्नास मिनिटांचं होतं. म्हणून निकालाऐवजी मी मला खरोखर पडलेला प्रश्न विचारला. "सर्वोत्तम कोण ते असू दे. तुम्हाला स्वतःला यांच्यातल्या कोणाच्या संघात खेळायला आवडलं असतं?"

बाईंनी स्टूल पुढे ओढलं.

"बर्ड," त्या म्हणाल्या. "तो पास देतो तो समोरच्याला सोपा जातो म्हणे. माझ्यासारखीच्याही हातून बास्केट झाला असता. लेब्रॉनच्या संघात मी नुसती बघत उभी राहिले असते."

"मी लेब्रॉन," सर्जन म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं होतं. "उद्याच्या सामन्याला तो येईल याची खात्री असते. बर्डची पाठ पाहून माझा जीव टांगणीला लागला असता. रोजच लागतो इथे."

"मग एवढी वर्षं आपण भांडतोय कशावर?" बाईंनी विचारलं.

यावर सिस्टर हसली आणि घड्याळाकडे बघून म्हणाली की सिमेंट झालं.

चौघांनी खुर्चीतून उचलून मला चौथ्या मजल्यावर घरी आणलं, पण गुडघा आधी पंच्याऐंशीवर अडला. मेहुणा खोली रिकामी करू लागल्याचा फोन आला. मी कण्हत-कुथत रोज पाय वाकवत राहिलो आणि वाकवताना मोबाइलवर जुने सामने बघत राहिलो, कारण बाईंनी सांगितलेला तो पास मला बघायचा होता. बायको शेजारी बसून कोनमापक धरायची. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, तो पिवळ्या केसांचा चेंडू न बघता देतो." तिसऱ्या आठवड्यात तिचं माझं जमेनासं झालं. ती बर्डची झाली, मी लेब्रॉनचा.

सहाव्या आठवड्यात सर्जननी माप घेतलं. एकशे चार. जिने चढायला परवानगी मिळाली. भूलतज्ज्ञ बाई मुद्दाम वरच्या ऑपरेशन थिएटरमधून खाली आल्या होत्या.

"आता तरी सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलेत म्हणे सामने. कोण?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं, कारणांसकट. बायकोने तोंड उघडलं, तेवढ्यात मला सिस्टरचं भांडणाबद्दलचं वाक्य आठवलं आणि मी बायकोच्या हातावर हात ठेवला.

"अजून बघतोय," मी म्हणालो. "डावा गुडघा झाल्यावर सांगेन."