काळ्या रंगाखालची बाई

मी एक जुनी तसबीर आहे. मित्रांनो, मला बघून तुम्हाला हसू आले तर मी रागावणार नाही, कारण सगळेच हसतात. खिडकीपाशी बसून फळ सोलणारी एक बाई, मानेपर्यंत सगळे नीटनेटके, आणि मानेच्या वर नुसता काळा रंग. त्या काळ्यावर प्लास्टिकचा पिवळा गॉगल चिकटवलेला. ज्या दालनात मी टांगलेली आहे तिथे लोक माझ्यासमोर वेडीवाकडी तोंडे करून फोटो काढतात. मला मात्र स्वतःची किळस येते, आणि ती का येते हे एकदा कोणाला तरी सांगायचे आहे.

माझा जन्म नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका माणसाच्या घरी झाला. राजवाडे आणि जंगले रंगवून उरलेले कापड त्याने लाकडी चौकटीवर ताणले, सरस आणि खडूची भुकटी लावून गुळगुळीत केले आणि त्यावर एका जगप्रसिद्ध चित्राची नक्कल करायला घेतली. मूळ चित्र फार दूरच्या संग्रहालयात आहे आणि ते काढणारा थोर चित्रकार केव्हाच जग सोडून गेला आहे. आमच्या पडदेवाल्याने ते फक्त कॅलेंडरवर पाहिले होते. कॅलेंडरवर त्याने पेन्सिलीने बारीक चौकोन आखले, माझ्यावर तसेच मोठे चौकोन आखले आणि एकेक चौकोन उतरवत गेला. बाईला मात्र त्याने आपल्याकडचे काठाचे लुगडे नेसवले. चेहरा त्याने शेवटी ठेवला होता.

पण कॅलेंडरवरच्या बाईचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. त्यातून मोठे करायचे तरी काय? मग त्याने पडद्याच्या कडा शिवत बसलेल्या बायकोला हाक मारली. ती कुरकुरली, दूध उतू जाईल म्हणाली, पण येऊन खिडकीशी बसली. काम झाल्यावर कमरेवर हात ठेवून तिने मला बराच वेळ न्याहाळले.

"माझं नाक एवढं मोठं आहे?"

"इतकी वर्षं बघतोय. आहे तेवढंच काढलंय."

ती हसली आणि दूध बघायला गेली. त्याने माझ्या खालच्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे नाव लिहून पुढे 'यांच्या चित्रावरून' असे लिहिले. त्याच्या धंद्यातली ती रीतच होती. दुसऱ्याचे उचलले, तर तसे समोर लिहायचे. स्वतःचे नाव त्याने माझ्या पाठीवर टाकले, तेही बारीक अक्षरात.

त्यांची मुलगी जेमतेम बोलू लागली होती, तेव्हा ती बाई तापाने गेली. तिचा फोटो आज काढू, उद्या काढू म्हणता म्हणता राहूनच गेला होता. तेव्हापासून माझ्यावर मोठी जबाबदारी आली. बाप मुलीला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि सांगायचा, ही तुझी आई. ती मुलगी पडलेला दात मला दाखवायची, शाळेतली भांडणे मला सांगायची आणि परीक्षेला जाताना माझ्या गालाला बोट लावून जायची. त्या गालावरचा रंग तिच्या बोटाने थोडा चकाकू लागला होता. मित्रांनो, कोणत्याही संग्रहालयातल्या चित्राला एवढी माया मिळाली नसेल.

पुढे मुलगी नर्स झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. बाप वारला. घर रिकामे करताना तिच्या काकांनी मोडक्या खुर्च्यांबरोबर मलाही भंगारवाल्याकडे देऊन टाकले. त्यांच्या लेखी मी म्हणजे कॅलेंडरवरून काढलेले एक चित्र. तिने त्यांना पुढे नाही नाही ते ऐकवले, पण तोवर मी दुकानातल्या पंख्यांच्या पात्यांमागे धूळ खात पडले होते.

तिथे मला सर भेटले. त्यांना सगळे सरच म्हणतात. थोर चित्रांच्या स्वस्त नकला शोधायच्या, त्यांची विटंबना करायची आणि तिला नवनिर्मिती म्हणायचे, हा त्यांचा मोठा नावाजलेला उद्योग. त्यांनी मला आपल्या ऐसपैस स्टुडिओत नेले आणि थेट माझ्या तोंडाला काळे फासले. तो रंग काही बसेना. जुन्या तेलकट रंगावरून तो ओघळून बाईच्या पदरात पडू लागला. सरांनी एक शिवी हासडली, फडक्याने सगळे पुसले आणि काचपेपर घेतला. मग ते शांतपणे, सिगारेट ओढत, माझा चेहरा घासू लागले. आधी गाल गेला, मग नाक, मग डोळे. कापडाचे धागे दिसेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही. खाली पडलेली भुकटी त्यांनी सुपडीत भरली. त्या सुपडीत थोटके होती आणि कालच्या जेवणाची हाडके होती.

उरलेल्या उघड्या कापडावर त्यांनी काळा रंग दिला आणि गॉगल चिकटवला. कोपऱ्यातल्या त्या ओळीवर त्यांनी आपली लालभडक सही ठोकली. प्रदर्शनात जाणकारांनी माना डोलावल्या. चेहरा गेल्यामुळेच ही बाई बोलू लागली आहे, असे एक गृहस्थ हातातला पेला हलवत म्हणाले. मला ओकारी येत होती, पण तसबिरीला तेवढीही सोय नसते.

वर्तमानपत्रात माझा फोटो बघून ती मुलगी आली. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले आहेत. बाईचे हात आणि लुगड्याची किनार तिने ओळखली होती. ती आरडाओरडा करायला आली नव्हती. तिने सरांना सगळे नीट सांगितले आणि मग विचारले, "वरचा रंग काढता येईल का हो? माझी आई आत आहे ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिले. मला क्षणभर वाटले, हा माणूस आता खरे सांगेल.

"आहे ना," ते म्हणाले. "आत अगदी सुखरूप आहे. पण रंग काढायला गेलो तर तिलाच इजा होईल. राहू द्या तशीच."

तिने डोळे पुसले आणि त्यांचे आभार मानले. आभार मानले, मित्रांनो. त्या दिवसापासून मला त्या माणसाच्या सावलीचीही शिसारी येते. आठवड्याभरात माझ्याशेजारी नवी पाटी लागली, 'या काळोखाखाली एक आई आहे.' गर्दी दुप्पट झाली. तिचे दुःखही सरांनी उचलले, आणि ते कुणाचे आहे हे पाटीवर लिहिले नाही.

ती दर सुट्टीला येते आणि काळ्या रंगाकडे बघत उभी राहते. परवा तिने आपल्या लेकीला आणले होते. लेकीने विचारले, आजी कशी दिसायची. "मला आता नीट आठवत नाही गं," ती म्हणाली, "पण आत आहे ती." मग दोघी बराच वेळ बघत राहिल्या. आणि माझ्याकडे त्यांना दाखवायला घासलेल्या कापडाखेरीज काही नव्हते.

मित्रांनो, मीही एक नक्कलच आहे. थोरांचे चित्र घ्या, त्यात आपल्या माणसाचे नाक बसवा, हवे तर थट्टा करा. त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण घासायला हात उचलण्याआधी तो चेहरा कोणाचा आहे, हे विचारा. आणि पुसूनच टाकला असेल, तर विचारायला आलेल्या माणसाला निदान पुसला म्हणून सांगा.