सर्वांच्या विकासात मेतवल्लीची गाडी

गरिबांना विकासात कसं सामावून घ्यायचं, यावर कैरोत मोठी परिषद भरायची होती. म्हणून पालिकेनं आधीच नाईलकाठचा रस्ता गरिबांपासून मोकळा केला. त्यात मेतवल्लीची मुदम्मसची, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या दाण्यांची, हातगाडीही उचलली गेली.

ती गाडी त्याच्या सासऱ्यानं स्वतःच्या हातांनी बनवून लेकीच्या लग्नात दिलेली. रात्रभर मंद आचेवर शिजलेल्या बाकल्यावर सकाळी अख्ख्या गल्लीची न्याहारी व्हायची आणि मेतवल्लीची चूलही त्यावरच पेटायची. गाडी गेल्यापासून त्याची बायको इन्शिराह त्याच्याशी धड बोलत नव्हती.

मग परिषदेच्या हॉटेलातून बोलावणं आलं. पाहुण्यांना रस्त्यावरचं अस्सल खायचं होतं आणि रस्ता तर धुऊनपुसून ठेवलेला. तेव्हा हॉटेलच्या दालनातच एक झगझगीत गाडी उभी केली होती. पितळी घंट्या काय, लाल-निळी नक्षी काय! मागे उभं राहायला तेवढा एक माणूस कमी होता.

"काका, मंत्रीसाहेब विचारतील, सुधारणांनी काय दिलं," हॉटेलचा व्यवस्थापक नादेर पढवू लागला. "'अल्हम्दुलिल्लाह' म्हणायचं आणि लिंबू पिळायचं. जास्त शहाणपणा नको."

"आणि माझी गाडी?"

"अहो काका, इथं देशाचं चाललंय, तुमचं काय मधेच!"

मंत्री आले, मागोमाग कॅमेरे आले. मंत्र्यांनी पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, मान डोलावली. "बोला काका, काय मिळालं तुम्हाला?"

मेतवल्लीनं पढवल्याप्रमाणे लिंबू उचललं. पण घरचा अबोला आठवला आणि त्यानं ते खाली ठेवलं. "मिळायचंय अजून, बाशासाहेब. माझी गाडी द्या."

नादेरच्या तोंडचं पाणी पळालं. मंत्री मात्र मुरलेले. कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "गाडी? दिली! ही आजपासून तुमची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका परदेशी तज्ज्ञ बाईंना तर रडूच आलं.

संध्याकाळी मेतवल्लीनं बक्षीस ढकलायला घेतलं. हलेना. वाकून बघतो तर चाकं लाकडी फळीवर रंगवलेली. शेवटी दोघा हमालांनी ती फाटकाबाहेर आणून टेकवली आणि कंबर धरून निघून गेले.

तेवढ्यात पोलीस आला. "ए, कुठं निघालास? या रस्त्यावर गाडी चालवायला बंदी आहे."

"चालत नाही ती, बाशा."

पोलिसानं खाली वाकून खात्री केली. "मग हरकत नाही," म्हणाला आणि पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेतवल्लीनं तिथंच हंडा चढवला. पालिकेचा ट्रक आला, थांबला, चाकं बघून निघून गेला. गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. इन्शिराह पाव वाटत होती, पण तिचे डोळे भरलेले होते.

"माझ्या बापाच्या गाडीनं काय घोडं मारलं होतं रे यांचं?"

मेतवल्लीनं लिंबू पिळलं. "ती चालत होती ना," तो म्हणाला.