माझ्यावरचे एक जास्तीचे घर

मी बोलते आहे ती रहिवासी संघाच्या सभागृहातून, पश्चिमेच्या खिडकीखालच्या लांब टेबलावरून. मी या वस्तीची लाकडी प्रतिकृती आहे. रस्ते, गल्ल्या, शाळा, दवाखाना आणि प्रत्येक घर माझ्या अंगावर आपापल्या जागी आहे. 'प्रत्येक' हा शब्द उच्चारताना मी थोडी अडखळते. का, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडले आहे.

मला मास्तरांनी घडवले. ते शाळेत चित्रकला शिकवीत आणि निवृत्तीनंतर संघाच्या सभांना नियमाने येत. त्या सभांत फार गोंधळ चाले. मुख्य रस्त्यावरची गर्दी चुकवण्यासाठी परकी वाहने आमच्या रस्त्यात घुसत. त्यांना कुठे अडवावे हे प्रत्येक जण हवेत बोटे फिरवून सांगे, आणि एकाचे डावे ते दुसऱ्याचे उजवे होई.

"अगं, डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय यांना काही समजायचं नाही," असे मास्तर घरी आपल्या पत्नीला म्हणाले आणि करवत घेऊन बसले.

त्यांच्या पत्नीला सारी वस्ती काकू म्हणे. मास्तरांनी ठोकळे कापावेत आणि काकूंनी ते पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करावेत, असा माझा जन्म झाला. प्रत्येक घराच्या तळाला मास्तरांनी बारीक खुंटी बसवली आणि तिच्या मापाचे भोक माझ्या अंगावर पाडले. चर्चेच्या वेळी घर उचलता यावे, परत ठेवता यावे, हा हेतू. घर जागेवर बसले की 'टक्' असा आवाज होई. तो आवाज मला फार आवडे.

त्यांचे स्वतःचे घर वळणावर होते. रस्ता सरळ येई, त्या घरापाशी थबके, त्याला वळसा घाली आणि मग पुढे जाई.

"आपलं तेवढं सरसाने चिकटवा हो," काकू म्हणाल्या.

"का? आपलं काय आभाळातून पडलंय?"

"कुणी उचललं तर?"

"उचलतील आणि ठेवतील. जे आहे ते दाखवायचं आणि सगळ्यांचं सारखं दाखवायचं. ते जमत नसेल, तर हिला खेळण्यांच्या दुकानात नेऊन ठेवू."

तेव्हा माझ्यावरचे रोगणही वाळले नव्हते. जे आहे ते दाखवायचे, हाच माझा धर्म झाला. वस्तीत कुणी मजला चढवला की मास्तर त्या घरावर लाकडाची पातळ चकती चिकटवीत. कुणी कुंपण पाडले की माझेही पाडीत.

वाहने म्हणून काकूंनी शिवणाच्या डब्यातली बटणे दिली. कोटाचे बटण म्हणजे ट्रक, सदऱ्याचे म्हणजे मोटार.

"हे मोतिया बटण कुणाची गाडी हो, मास्तर?" चिटणीसबाईंनी एकदा विचारले.

"तुमचीच. चकाकते फार, चालते कमी."

सभा खदखदून हसली. ते दिवस चांगले होते.

मग मास्तर गेले. परकी वाहने वाढत गेली. वळणावर ती तासन्‌तास एकमेकांसमोर उभी राहत आणि कर्ण्यांचा कल्लोळ खिडकीतून माझ्यापर्यंत येई. एके दिवशी अध्यक्षांच्या आईला नेणारी रुग्णवाहिका तिथे अडकली. आई बचावल्या, पण अडकलेल्या गाडीचा भोंगा अध्यक्षांच्या कानांतून काही जाईना. मनुष्य वाईट नव्हता, हे मला स्पष्ट नमूद केले पाहिजे.

नगररचना कार्यालयाने संघाचे मत मागवले. मार्ग दोन होते. एक तर रस्त्याचे दूरचे तोंड परक्या वाहनांना बंद करायचे, नाहीतर वळणावरचे घर पाडून रस्ता सरळ करायचा. संघ ज्या बाजूने मत देईल तसे होणार होते.

त्या संध्याकाळी काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आमच्या सभेची रीत अशी, की मत देण्यापूर्वी प्रत्येक प्रस्ताव माझ्यावर मांडून पाहायचा. अध्यक्ष पुढे आले. त्यांनी दोन बोटांनी मास्तरांचे घर उचलले.

"नुसतं बघू या," ते म्हणाले.

त्यांनी एक कोटाचे बटण ढकलले. ते कुठेही न थबकता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेले. मागून कुणीतरी "वा!" म्हणाले, आणि लगेच खाली पाहू लागले.

"बघून झालं असेल, तर घर जागेवर ठेवा," काकू म्हणाल्या.

"हो हो, काकू, ठेवतो की."

एवढ्यात कुणी चहाचे विचारले, कुणी पंखा वाढवायला सांगितला. अध्यक्ष उत्तरे देत राहिले आणि हातातले घर बोलता बोलता त्यांच्या खिशात गेले, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर. तसेच मतदान झाले. माझ्यावर घर नसताना झाले. लोकांनी हात वर केले ते माझ्याकडे पाहत. मी त्यांना एक सरळ, मोकळा रस्ता दाखवीत होते, आणि त्या रस्त्यावर कुणी राहतच नव्हते. काकूंचे हात मात्र मांडीवरच राहिले.

घर पाडण्याच्या आदल्या दिवशी काकू सभागृहात आल्या. त्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. अध्यक्ष तिथेच होते. त्यांनी घाईने खिसा चाचपला.

"काकू, हे त्या दिवशी चुकून माझ्याकडे राहिलं..."

"राहू द्या. आता तुमच्या खिशात मावेल एवढंच उरलंय ते."

त्या माझ्याजवळ आल्या. घराची जागा ज्या चौकोनात होती, तिथली धूळ त्यांनी तळहाताने पुसली, जशी रोज उंबऱ्यावरची पुसत असतील. मग त्या गेल्या. त्या पुन्हा दिसल्या नाहीत. वर्ष सरण्याआधी त्यांच्या निधनाची वार्ता सभेत वाचून दाखवली गेली.

तेव्हापासून माझ्या अंगावर काहीतरी वेगळेच घडते आहे. पश्चिमेच्या उन्हाने माझे लाकूड सर्वत्र काळवंडले आहे. घराखाली झाकलेला तो चौकोन तेवढा फिका होता. आता तो उघडा आहे. त्यानेही काळवंडायला हवे. तो काळवंडत नाही. संध्याकाळी प्रत्येक ठोकळ्याची सावली रस्त्यावर पडते, आणि त्या चौकोनाजवळच्या सावल्या थोड्या अलीकडे थांबतात.

माणसांचेही तेच. सभेत कुणी बटण सरकवू लागला, की त्याचे बोट तिथे थबकते, वळसा घालते आणि पुढे जाते. नवीन आलेल्या भाडेकरूने तसे केले, तेव्हा मी थरकले. त्याने ते घर कधी पाहिलेच नव्हते.

बाहेर आता वाहने थबकत नाहीत. पूर्वी ती वळणापाशी हळू होत आणि तेवढ्यात लोक रस्ता ओलांडून घेत. आता ती सुसाट जातात आणि माझी सारी घरे खुंट्यांवर थरथरतात, थंडीत दात वाजावेत तशी. रस्त्याच्या पलीकडचे लोक सभेला यायचे थांबले आहेत. खुर्च्या मात्र अजून त्यांच्याही मांडल्या जातात.

गेल्या आठवड्यात अध्यक्ष एकटेच आले. आता ते अध्यक्ष नाहीत. केस पांढरे झाले आहेत. त्यांनी खिशातून घर काढले. किल्ल्यांनी त्याच्या कडा झिजल्या होत्या. त्यांनी ते भोकावर धरले आणि दाबले.

टक्.

मग त्यांनी एक कोटाचे बटण घेतले आणि हळूहळू वळणावरून नेले.

"मास्तर, इथे गाड्या हळू होत होत्या हो," ते म्हणाले. "आईला आता रस्ता ओलांडवत नाही."

ते घर तसेच ठेवून ते निघून गेले. त्या संध्याकाळी ऊन आले, तेव्हा वळणावरच्या घराची सावली आपल्या जागी पडली आणि शेजारच्या सावल्या तिला येऊन टेकल्या.

आता रस्ता आणखी रुंद करायचा बेत आहे. त्यासाठी मला अद्ययावत करायचे ठरले आहे. काल चिटणीसबाई एका सुताराला घेऊन आल्या होत्या. त्याने फूटपट्टी लावून पाहिले. बाईंनी वळणावर बोट ठेवले.

"हे एक जास्तीचं राहिलंय. कुणी ठेवलं कोण जाणे. उद्या येताना पक्कड आणा आणि हे काढा."

उद्या तो येईल. बाईंचे चुकले नाही. तिथे घर नाही, आणि जे आहे ते दाखवायचे हे व्रत मी जन्मभर पाळले आहे. एकदाच घर असताना मी ते दाखवले नाही, आणि त्याच एका संध्याकाळी सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

म्हणून, सुतारदादा, माझी विनंती ऐका. नवे मजले चढवा, नवे रस्ते कोरा, मोडतील ती कुंपणे मोडा. फक्त त्या घराला हात लावू नका. माझ्या अंगावर एवढी एक चूक राहू द्या.